मेलेल्याशी बोललेलं खोटं

सोइमानीनं एकुलत्या लेकाला येशूच्या मंडळीत जाऊ दिलं, त्यात तिला काय मिळणार होतं ते आधी सांगतो. मंडळीत माडी पीत नाहीत. माडी प्यायची नाही तर माडावर चढायला नको. चढायचं नाही तर पडायचं नाही. इतकंच. येशू कोण, कुठला, कुणाचा, हे तिनं विचारलंही नाही. पास्टर दानियेल तिला बराच वेळ स्वर्गाचं सांगत बसला होता. ती मध्येच म्हणाली, "पण माडी अजिबात नाही ना? सणालासुद्धा?"

"अजिबात नाही, आई."

"मग घेऊन जा त्याला."

तिचा नवरा गोरसांग माघात झऱ्यावरच्या सुरमाडावरून पडला. सकाळची माडी उतरवायला चढला होता. मडकं वर बांधलेलं राहिलं आणि माणूस खाली आला. आमच्या रेगडासिंग गावात हे सांगताना पुरुष तोंडात तंबाखूचं पान धरतात, म्हणजे हसू आलं तरी दिसत नाही. त्यांनाही रोज चढायचं असतं.

आमच्यात प्रत्येक मरणाचं एक घर असतं. पडून मेलेला सूर्याकडं जातो. तिथं गेलेला माणूस मग आपल्या माणसांना बोलावतो, त्याच वाटेनं. रागानं नव्हे, मायेनं बोलावतो. रागावलेल्याला कोंबडं देऊन परत पाठवता येतं. मायेला काय द्यायचं?

जाळून तिसऱ्या दिवशी लोकामी अंगणात पाय लांब करून बसली. लोकामी म्हणजे आमची म्हातारी भगतीण. मेलेले तिच्या तोंडून बोलतात. मेलेल्यांकडची वाट उभ्या झाडासारखी आहे, आपण तिच्यावरून माकडासारखं जातो, असं ती सांगते. तिनं सुपातल्या तांदळावर सुरी फिरवली, गुणगुणली, आणि तिची मान छातीवर पडली. हातपाय लाकडासारखे आखडले. बायकांनी गुडघे दाबून ते सरळ केले. मग एक उसासा आला आणि गोरसांगनं माडी मागितली.

दोन घोट घेऊन तो म्हणाला, "कंबर गेली गं माझी. इथं ऊन फार. सावली म्हणून नाही."

"सावकाश उतरला असतास तर?" सोइमानी रडत त्याच्याशी भांडली. "तीस वर्षं चढत होतास ना?"

"शिडीची डावी खुंटी सैल होती. अजून तशीच आहे." जरा थांबून त्यानं विचारलं, "बुयानो कसा आहे?"

"बरा आहे."

"हलका आहे पोरगा. माझ्याहून चांगला चढेल. त्याला म्हणावं, ये वर. माझं मडकं तसंच बांधलेलं आहे."

सोइमानीचं रडणं तिथंच थांबलं. बाकीच्या बायका रडत होत्या, त्यांना ते कळलंही नाही. बुयानो एकवीस वर्षांचा, पिंडऱ्या दोरीसारख्या. तो खरंच हलका होता. पुढच्या बाजारी ती मोहाची फुलं विकायला म्हणून डोंगर उतरली आणि पास्टरच्या दारात जाऊन बसली.

फाल्गुनात नदीवर बाप्तिस्मा झाला. पास्टरनं बुयानोला पाण्यात दाबलं, वर काढलं आणि काठावरच्या लोकांना सांगितलं, "जुना बुयानो आज या पाण्यात मेला. हा नवा माणूस. याचं नाव पिलिप." पिलिप खोकत होता. सोइमानीनं ते वाक्य ध्यानात ठेवलं. कुठं कामाला येईल ते तिला तेव्हा माहीत नव्हतं.

*

राहिला प्रश्न रेड्याचा. मेलेल्याच्या नावानं दगड रोवायचा आणि रेडा मारायचा. तोवर त्याला तिकडं घर मिळत नाही, तो भुकेला फिरतो. आणि जो रेडा देतो, तो मेलेल्याचं शेत खातो. मंडळीतल्या माणसाला दगड आणि रेडा दोन्ही वर्ज्य. मग पुढचा हक्क भावाचा.

गोरसांगचा थोरला भाऊ अरांगो. बायको मेलेली, एक मुलगी घाटाखाली दिलेली. दात झिजलेला एक रेडा होता त्याच्याकडं, तो नांगराला चालत नव्हता आणि बाजारात कुणी घेत नव्हतं. अशा रेड्याच्या बदल्यात झऱ्याखालचं बारमाही शेत. आमच्या गावात याहून चांगला सौदा माझ्या आठवणीत नाही.

मायलेकरं त्या शेताचा ढासळलेला बांध रचत होती. अरांगो येऊन वरच्या पायरीवर बसला. दगडाला हात लावला नाही.

"सोइमानी, भाऊ उन्हात बसलाय म्हणे तिकडं. बरं दिसत नाही. दगड मी रोवतो. रेडा माझा."

"आणि शेत?"

"ते रिवाजानं येतं. मी कुठं मागतोय?"

"मागू नका. घ्या."

अरांगो भांडणाच्या तयारीनं आला होता. अर्ध्या दिवसाचं बोलणं त्यानं मनात जुळवून आणलं होतं, ते वाया गेलं. "पोरगा काय खाईल मग?" त्यानं नाइलाजानं विचारलं.

"उतारावर नाचणी आहे." तिनं कमरेवरचा दगड बांधावर टेकवला आणि फटीत बसेपर्यंत हलवला. "पण भावजी, शेत घ्याल तर झाडही घ्या."

"कुठलं झाड?"

"सुरमाड. तुमच्या शेताच्या डोक्यावरच आहे. शेत एकाचं, झाड दुसऱ्याचं, रोजची कटकट."

अरांगोनं मान वर केली. पाच पुरुष उंच झाड, दिवसाला तीन मडकी देणारं. "देतेस?"

"दिलं."

"आई," पिलिप हळूच म्हणाला.

"तू दगड उचल."

अरांगोला वाटलं, बाई दुःखानं खुळी झाली, आता लवकर उठावं. सोइमानीला वाटलं, झाडाबरोबर काय जातं ते याच्या ध्यानात यायच्या आत यानं उठावं. तो उठला. दोघंही खूश असायला हवी होती. आता त्याच्या झालेल्या शेताचा बांध ती अंधार पडेपर्यंत रचत राहिली.

*

चैत्रात दगड रोवला. रेडा दोन घावांत पडला. पिलिप आला नाही. त्या मटणाचा वाससुद्धा त्याला चालत नव्हता. सोइमानी मंडळीत नव्हती, ती आली आणि बायकांच्या मागं बसली.

गोरसांग आला तो आनंदात. रेडा जून आहे म्हणाला, चावला जात नाही म्हणाला, लोक हसले. मग त्यानं भावाला हाक मारली. "दादा, माड तू घेतलास?"

"घेतला."

"चांगलं केलंस. डावी खुंटी तेवढी बघ. तुझं अंग जड आहे."

लोक पुन्हा हसले. अरांगोही हसायला गेला, पण ते हसू त्याच्या ओठांवरच अडकलं.

"बुयानो कुठाय?" गोरसांगनं विचारलं. लोकामीचा सुरकुतलेला हात हवेत चाचपडत होता. "मागच्या वेळीही नव्हता. जवळ ये म्हणावं."

सगळ्या बायका सोइमानीकडं बघायला लागल्या. मंडळीत गेला म्हणावं, तर हा रागावून तिकडं जाईल. घरी आहे म्हणावं, तर घरी येईल. तिच्या तोंडात दुसऱ्याचं एक वाक्य तयार होतं. ते तिनं अर्धंच वापरलं.

"बुयानो मेला."

कापणारे हात थांबले. मटणावरच्या माश्या ऐकू यायला लागल्या.

"कधी?"

"फाल्गुनात. नदीत."

मग गोरसांग अगदी हळू बोलला, घरात कुणी निजलेलं असावं तसा. "इकडं आला नाही गं तो. कुणी सांगितलंही नाही मला. वाट चुकला असेल. एकटा असेल कुठंतरी." आणि मग म्हणाला, "रडू नकोस. मी जातो आणायला."

लोकामी आडवी पडली. तिला पाणी पाजलं. आपल्या तोंडून काय गेलं ते तिला आठवत नसतं. ते दुसऱ्यांनी सांगावं लागतं. सांगितल्यावर ती सोइमानीकडं बघत राहिली.

"मेलेल्याशी रडतात, भांडतात, शिव्या देतात. खोटं कुणी बोलतं का गं?"

"पास्टरच म्हणाला होता."

"मग पास्टरच्या मेलेल्यांना सांगायचंस."

त्या दिवशी सोइमानीचं मटणाचं पान कुणी भरलं नाही. तिनं मागितलंही नाही.

*

अरांगो माडावर बारा दिवस चढला. पहिल्याच दिवशी त्यानं शिडीची डावी खुंटी हलवून पाहिली. ती खरंच सैल होती. त्यानं वेलीनं आवळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सैल. तिसऱ्या दिवशी त्यानं शिडीचा बांबूच नवा लावला, आणि चौथ्या दिवशी नव्या बांबूची प्रत्येक खुंटी हातानं ओढून बघत चढला. वर गेल्यावर उतरायचं धैर्य होईना म्हणून जिच्यातून माडी गळते त्या पोयीला मिठी मारून दुपारपर्यंत बसला. खालून लोक विचारायचे, "अरांगो, वरच घर बांधलंस काय?"

तेराव्या दिवशी तो पास्टरकडं गेला. गाव पोट धरून हसलं. हिशोब मात्र सगळ्यांना पटला. रेडा देऊन शेत घेतलं, आणि आता बाप्तिस्मा घेऊन पुढचे सगळे रेडे वाचवले. माडी सोडायची, ती तशीही उतरवता येत नव्हती. त्याचं नाव पावलो ठेवलं. आम्ही अरांगोच म्हणत राहिलो.

म्हणजे माडावर आता कुणीच उरलं नाही. सोइमानीला बरं वाटायला हवं होतं. पण वैशाखात मंडळीनं चर्चच्या छपराचं गवत काढून पत्रे घालायचं ठरवलं. गुणुपूरच्या बाजारातून पत्रे खांद्यावर चढवून आणले. वर चढायला हलका माणूस हवा होता. पास्टरनं विचारायच्या आधीच पिलिप आढ्यावर होता.

सोइमानीला हे पेजेचा घोट घेताना कळलं. वाटी तशीच ठेवून ती चर्चकडं पळाली. वर पांढऱ्या उन्हात लेक दोन वाशांवर दोन पाय ठेवून उभा, हातात हातोडा. त्याच्या मागं सूर्य. तिला त्याचं तोंड दिसेना.

"खाली ये."

"आई, लोक बघतायत."

"बुया... पिलिप, खाली ये."

तो हसला आणि खिळा ठोकायला वाकला. ती पास्टरकडं गेली. पास्टर चांगला माणूस, त्यानं तिला सावलीत बसवलं. "देवाच्या घरावर आहे तो, आई. देव धरून ठेवील."

"तो धरेल. पण दुसरा ओढतोय."

"दुसरा कोण?"

ते तिला सांगता येईना. सांगितलं तर लेकाच्या बापाला भूत म्हणतील.

दुसऱ्या दिवशी ती घरून भाताच्या पेंढ्याचे चार भारे डोक्यावरून घेऊन आली, एकेक करत, चार खेपा. चर्चच्या वळचणीखाली, पिलिप जिथं काम करत होता त्याच्या बरोबर खाली, तिनं तो गुडघाभर पसरला. तो छपरावर सरकला की तीही पेंढा ओढत सरकायची. मंडळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"पिलिपच्या आईनं अंथरूण घातलंय."

"उशी राहिली की गं."

पत्रे हातावर देणारा अरांगो खाली उभा होता. तोही म्हणाला, "सोइमानी, मी माडावर होतो तेव्हा नाही टाकलास पेंढा."

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. पेंढा नीट केला.

चार दिवस ती तिथं बसली. मान वर करून करून तिच्या गळ्याच्या शिरा सुजल्या, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पत्र्यावर हातोडा पडला की तिचं अंग उडायचं. पाचव्या दिवशी ती लोकामीकडं गेली, एक कोंबडी काखेत धरून.

"परत घ्यायचंय मला. बोललेलं."

"तू घेऊन चालत नाही," लोकामी म्हणाली. "तुझा शब्द आता तो धरणार नाही. पोरानं स्वतः यावं. मी जिवंत आहे म्हणून सांगावं. त्याच्या जुन्या नावानं."

पिलिप नाही म्हणाला. दोन दिवस नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी आई पेंढ्यावर बसल्या जागी कलंडली, दुपारी, सगळ्यांसमोर. त्यानं तिला उचलली तेव्हा ती पाटीभर शेणींइतकी हलकी लागली. घरी नेऊन तिच्या तोंडात पेज घालताना तो म्हणाला, "एकदाच. परत नाही."

लोकामीच्या ओसरीवर, भर दिवसा, गोरसांग आला. दमलेला वाटला.

"मी आलोय, बा."

"कोण तू? नाव सांग."

पिलिपनं मागं रस्त्याकडं बघितलं. "बुयानो."

"बुयानो मेला. मी त्यालाच शोधतोय."

"मेलो नाही. हात बघ." लोकामीचा हात त्याच्या हातावरून फिरला आणि अंगठ्यावरच्या जुन्या व्रणावर थांबला.

"हा माझ्या कोयत्याचा," गोरसांग म्हणाला. आणि रडायला लागला. बापलेक दोघंही रडले. पिलिप पास्टरला विसरला, म्हातारीच्या मांडीवर डोकं टेकून रडला. बऱ्याच वेळानं गोरसांगनं विचारलं, "मग मडकं कोण बांधतं आता?"

"मोठा बा बांधत होता. आता तोही नाही चढत. मंडळीत आला."

"दादा?" लोकामीचा हात पिलिपच्या अंगठ्यावरून सुटला. मग आवाज आला. "म्हणजे वर कुणीच नाही. मी तर घरून निघालोय. रिकाम्या हातानं कसा परतू? एकट्याला करमत नाही मला उंचावर."

इथं सोइमानीनं बोलायला हवं होतं. कुणालाच नेऊ नकोस, म्हणायला हवं होतं. कोंबडं कबूल करायचं होतं, डुक्कर करायचं होतं. तिनं लेकाचा व्रणाचा अंगठा आपल्या मुठीत घट्ट धरला आणि तोंड बंद ठेवलं. गोरसांग निघून गेला.

*

आमच्याकडं कोंबडी ओरडली तरी तीन गावांना कळते. रविवारी पास्टरनं पिलिपला उभं केलं. त्यानं खोटं सांगितलं नाही. त्याला मागच्या चटईवर बसायची शिक्षा झाली, भाताची लावणी संपेपर्यंत. आणि देवाच्या छपराला त्यानं हात लावायचा नाही.

दाराबाहेर उभ्या सोइमानीला शेवटचं वाक्य ऐकून पाय टेकवेनात इतका आनंद झाला. लोक लेकाकडं वळून बघत होते, लेकाचे कान लाल झाले होते, आणि ती पदराखाली हसत होती.

"वरचं आढं तेवढं राहिलं," पास्टर म्हणाला. "कोण चढेल?"

अरांगो उठला. मंडळीत नवा, पुढच्या चटईवर जागा हवी होती, आणि माडावर बसून राहिलेला म्हणून गाव अजून हसत होतं. "मी चढतो. मला सवय आहे."

सोमवारी सकाळी सोइमानी चर्चकडं गेली ती पेंढा आणायला. पावसाळा तोंडावर होता, गाईला लागणार होता. ती भारे बांधत असताना अरांगो शिडीवर पाय ठेवत होता. तो थांबला. त्यानं पेंढ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. मागावा असं त्याच्या मनात होतं. पण दहा-बारा दिवसांपूर्वी त्यानंच तिची थट्टा केली होती, आणि बायका बघत होत्या.

"नेतेस होय?" तो म्हणाला.

"गाईला हवाय."

"ने."

तिनं खेपा केल्या. चौथा भारा डोक्यावर घेऊन ती झऱ्यापर्यंत पोचली तेव्हा मागं पत्रा वाजला. हातोड्याचा आवाज नव्हता तो. एक लांब खरखर झाली आणि मग काहीच नाही. ती वळली नाही. भारा डोक्यावर तसाच घेऊन उभी राहिली. माणसं ओरडायला लागेपर्यंत.

अरांगो दोन दिवस जगला. कंबर मोडली होती. ऊन फार लागतंय म्हणत होता, घरात असून.

त्याला मंडळीनं पुरलं, वर लाकडी क्रूस लावला. दगड नाही, रेडा नाही. आठवड्यानं सोइमानी लोकामीकडं गेली, या खेपेला दोन कोंबड्या घेऊन.

"भावजींना बोलव. एकच विचारायचंय."

"काय?"

"त्यांना कळलं होतं का. मी झाड देताना. पेंढा नेताना."

लोकामीनं कोंबड्या परत तिच्या काखेत दिल्या. "पाण्यातून मंडळीत गेलेली माणसं माझ्या तोंडी येत नाहीत. त्यांची वाट मला माहीत नाही."

मग ती पास्टरकडं गेली. पास्टर म्हणाला, "तो शांतीत आहे, आई."

"तो म्हणाला तसं?"

पास्टरनं पुस्तकावर हात ठेवला.

आता गावाचा हिशोब असा आहे. रेडा अरांगोचा गेला, शेत पुतण्याकडं परत आलं. दिलेल्या मुलीचा हक्क नसतो, दावा सांगायला दुसरं कुणी नाही. पिलिप लावणीनंतर पुढच्या चटईवर बसतो, धडधाकट आहे. गोरसांगला दगड मिळाला, सोबत मिळाली. सोइमानीनं एक खूर न देता सगळं राखलं, बाई पक्की, असं लोक म्हणतात, तिच्या तोंडावरही म्हणतात. ती नाही म्हणत नाही. माडाची पोय वाळून गेली, पण तिकडून पाणी आणायला ती जात नाही, लांबून वळसा घेते. आणि पेंढा गाईनं खाल्ला नाही. रोज सकाळी ती तो चर्चच्या वळचणीखाली नेऊन पसरते, पत्रा निसटला तिथं बरोबर, आणि मान वर करून बसते. छपरावर कुणीही नसतं. ऊन उतरलं की भारे बांधून घरी आणते. चार खेपा जायच्या, चार यायच्या.